खापरहून आणलेलं मिलिंग मशीन

१३ एप्रिल, रविवार

आज विसरवाडीच्या घरात राहायला आलो. टेम्पो उतरवून होईपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं, तरी गॅस पेटवून आईने पहिला चहा केला तेव्हा तिघांनाही बरं वाटलं. वहिनी आज बऱ्याच दिवसांनी हसली. कपाट आडवं करून दारातून आत न्यायचं की उभं, यावर मी आणि टेम्पोवाला भांडत होतो आणि शेवटी आईने येऊन दाराच्या दुसऱ्या फळीचा अडसर काढला. त्यावर ती हसली.

घर चांगलं आहे. तीन खोल्या, पुढे ओटा, समोरच हायवे. मागे पत्र्याचं मोठं शेड, खाली कोबा पक्का. शेड पाहूनच दादाने हे घर दिवाळीत पसंत केलं होतं. आम्ही दोघे भाऊ सुरतेला एकाच टूलरूममध्ये होतो. तो मिलिंगवर, म्हणजे लोखंडात खाचा आणि दात पाडायच्या मशीनवर, मी लेथवर. इथून रोज एवढे ट्रक, ट्रॅक्टर जातात, रस्त्याकडेला रसवंत्या आहेत. कोणाचा गिअर गेला, शाफ्ट घासला तर नंदुरबार नाहीतर सुरत गाठावं लागतं. घराच्या मागेच वर्कशॉप टाकू, असं त्याचं चाललं होतं. माघात घाटात त्याच्या मोटारसायकलवर कंटेनर आला आणि तो जागीच गेला. वर्कशॉपला स्वतःचंच, भाग्येश नवनीत अँड ब्रदर्स असं नाव ठेवू, मग लोक विचारतील ब्रदर्स कोण, असं तो म्हणायचा. घरात बोलणारा तोच होता. मला तेवढं बोलता येत नाही, म्हणून ही डायरी लिहायला घेतली आहे.

शेजारी दगा म्हणून वेल्डिंगवाला आहे. वायरिंगही करतो. गळ्यात कायम गमछा, उजवा अंगठा कधीतरी हातोड्याखाली सापडून चपटा झालेला. त्याच्या घरून संध्याकाळी कळण्याची भाकरी आणि ठेचा आला. मी काही बोलत नाही हे बघून त्याने आईला विचारलं, पोरगं मुकं आहे की शहाणं? आई म्हणाली, दोन्ही.

१६ एप्रिल, बुधवार

खापरला जाऊन मशीन पाहून आलो आणि ठरवूनही आलो.

बाजाराच्या पलीकडे दोधूशेठचं भंगाराचं आवार आहे. गुजरातेतल्या बंद पडलेल्या कारखान्यांचा माल त्याच्याकडे येतो. दगा बरोबर होता. आडवं मिलिंग मशीन, जुन्या वजनदार बनावटीचं, ताडपत्रीखाली मागच्या भिंतीला लावलेलं. पाहिल्याबरोबर मला दादाची आठवण झाली. त्याला असंच हवं होतं. नवीन मशिनी पत्र्याच्या डब्यासारख्या वाजतात, असं तो म्हणायचा.

घाई केली नाही. आर्बर, म्हणजे कटर बसवायचा आडवा दांडा, हाताने फिरवून डायल गेज लावला. काटा जवळजवळ हलला नाही. टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. जुन्या मशीनचं टेबल मधल्या भागात झिजतं, मध्ये ढिलं आणि कडेला घट्ट लागतं. इथे सगळीकडे सारखं. एवढं जुनं मशीन इतकं कमी वापरलेलं कसं, असं मी विचारलं. दोधूशेठ म्हणाला की चालवणारा सोडून गेला आणि मालकाने पुन्हा कोणाला लावलाच नाही. दगा म्हणाला, शेठ, तुमच्याकडची प्रत्येक गाडी एका म्हातारीने फक्त देवळात जायला वापरलेली असते. दोधूशेठ पोट धरून हसला.

दोन गोष्टी लिहून ठेवतो. मशीनच्या पायाशी मडक्याची खापरं पडली होती, लाल, बरीच, काही नवी काही जुनी. आणि टेबलाच्या खालच्या अंगाला कुंकवाचे आणि तुपाचे डाग होते. दसऱ्याला सगळेच मशीनची पूजा करतात, म्हणून मी विचारलं नाही. दोधूशेठ मात्र आपण होऊन म्हणाला की आखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या, आत घेऊन जा, नंतर मला जागा लागणार आहे.

परतताना दगा म्हणाला, सौदा करताना तू तोंडच उघडलं नाहीस, आणि त्या माणसाला वाटलं तू फार पक्का गिऱ्हाईक आहेस. आपणहूनच तो खाली येत गेला.

२० एप्रिल, रविवार

मशीन आलं. ट्रॉलीवरून उतरवायला नवापूरहून हायड्रा क्रेन मागवली होती. आख्खी गल्ली जमली. दगाने ओट्यावर उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “काय भाऊ, हाई मशीन शे का हत्ती?” आईने नारळ फोडला, वहिनीने हळदकुंकू लावलं. साखळीला टांगलेलं मशीन शेडच्या दारात एकदा आपोआप गर्रकन फिरलं आणि हायड्रावाल्याच्या पोऱ्याला चाटून गेलं. लागलं काही नाही, शर्टाची बाही फाटली.

दुपारभर पाणसळ लावून पाय बसवले. दगाने थ्री फेज ओढून स्टार्टर बसवला, हिरवं बटण, लाल बटण. भिंतीवर दादाचा फोटो मी लावला. वहिनी फोटोखाली बराच वेळ उभी होती. मग म्हणाली की त्यांनी पाहिलं असतं तर आज जेवले नसते, इथेच बसले असते.

२५ एप्रिल, शुक्रवार

पहिलं काम मिळालं. बसस्टँडजवळच्या रसवंतीच्या चरकाचा शाफ्ट. नवा करून त्यात चावीची, म्हणजे चाक शाफ्टवर घट्ट धरणाऱ्या पट्टीची, खाच पाडायची आहे. लेथचं काम दगाच्या ओळखीच्या ठिकाणी करून आणलं, खाच मी पाडणार. पहिला कट लावला. मशीन इतकं शांत चालतं की कटर लोखंडात गेला हे कानाला कळतच नाही, हाताला कळतं. लोखंडाचा कीस निळा होऊन पडत होता. मला एकदम रडू आलं. आई दारात होती, तिने न पाहिल्यासारखं केलं.

मी मिलिंगवर कच्चा आहे. खाच एका बाजूला थोडी वाकडी जाते आहे. हळूहळू करीन.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

दादाची पहिली आखाजी. ज्या घरात वर्षात माणूस गेलं त्या घरात घागर भरावीच लागते. आईने नवी लाल घागर आणली, पाण्याने भरली, वर तांब्या, त्यावर खरबूज आणि आंबे. सांजोऱ्या तळल्या. उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढत एकेका पितराचं नाव घेतलं. दादाच्या नावाला तिचं बोट थांबलं. उरलेली रेघ मी ओढली.

घागर चुलीपाशी ठेवायची. मी म्हटलं, शेडमध्ये ठेवतो. दादाला स्वयंपाकघरात कशाला बोलवायचं, तो कधी तिथे बसला? त्याची जागा शेडमध्ये आहे. मी एवढं एका दमात बोललो म्हणून असेल, आईने मान हलवली.

मी घागर मशीनच्या टेबलावर ठेवली. समोर ताट वाढलं. गोवरीच्या निखाऱ्यावर तूप आणि घास घालून आगारी टाकली. घास टाकताना नाव घ्यायचं असतं. माझ्या तोंडून नाव निघेना. नाव घेतलं की तो पितर झाला, असं वाटलं. मी म्हटलं, भाऊ, जेव. आणि मग जे म्हणायचं नसतं ते म्हटलं. भाऊ, आता जाऊ नको.

निखाऱ्यातून धूर सरळ वर गेला नाही, टेबलावरून आडवा मशीनकडे गेला. शेडला वारा लागतो.

ताट काढायला तासाभराने गेलो तर घास खाल्लेले होते. मांजर असेल. मांजर पाणी पीत नाही असं नाही, पण घागर निम्मी झाली होती.

१ मे, गुरुवार

सकाळी शेड उघडलं. शाफ्ट वाईसच्या पकडीत मी सोडला होता तसाच होता, पण खाच पूर्ण झालेली होती. माझी वाकडी बाजूसुद्धा सरळ घेतली होती. तळ आरशासारखा. गेज लावला, कुठे केसाएवढाही फरक नाही. ताजा कीस खाली पडलेला, बोटाने दाबला तर अजून कोमट.

मी वहिनीला हाक मारली. तिने खाच पाहिली, बोट फिरवलं, आणि फोटोकडे वळून म्हणाली, आलात?

आईने सकाळीच भरीत टाकलं. दादाला आवडायचं.

४ मे, रविवार

मी काम वाईसमध्ये बांधून शेड लावतो. दुपारी उघडतो तेव्हा ते झालेलं असतं. वीज नसली तरी होतं. काल दिवसभर लाईट नव्हती, तरी ट्रॅक्टरवाल्याच्या गिअरचे दात पाडून तयार.

घरात सण असल्यासारखं आहे. आई रोज ताट शेडमध्ये नेते. वहिनी दुपारची तिथे खाटेवर बसून असते. मला म्हणाली की डोक्यावर हात ठेवतात. मी मान खाली घातली. मलाही तिथे बसावंसं वाटतं, पण नवरा-बायकोमध्ये कसं बसायचं.

एक सांगायचं राहिलं. हँडलवर ग्रीसचे ठसे असतात. सगळे डाव्या हाताचे. दादा उजव्या हाताने काम करायचा. उजव्या हाताचा एकही ठसा नाही. मेल्यावर कोणता हात चालतो ते मला कुठे माहीत आहे.

८ मे, गुरुवार

नीट लिहिण्याचा प्रयत्न करतो.

दगा कूलंटच्या पंपाची वायर बघायला आला. त्याला संशय होताच. तुझ्या हाताला दोन दिवस ग्रीस लागलेलं नाही आणि काम मात्र ढीगभर निघतं, कारागीर कोण ठेवलाय दाखव, म्हणाला. वहिनीकडे बघून, लपवून ठेवलाय का हो ताई, असंही म्हणाला. वहिनी हसली. मी काही म्हणायच्या आत त्याने हिरवं बटण दाबलं.

गमछ्याचं टोक आर्बरला लागलंच नव्हतं. मी पाहत होतो. ते टोक उचललं गेलं, कोणी चिमटीत धरावं तसं, आणि दांड्यावर नेऊन ठेवलं गेलं. मग एका झटक्यात दगा टेबलावर. गळा वाचवायला त्याने हात मध्ये घातला आणि कटरने हात घेतला. मी लाल बटण दाबलं. दाबलं, दाबलं. धावत जाऊन भिंतीवरचा मेन खाली ओढला. मशीन थांबलं नाही. मी दगाला कमरेला धरून मागे ओढत होतो आणि पलीकडून कोणीतरी ओढत होतं. माणूस ओढतो तसं, धक्का देत, दम घेत. खांद्यातून आवाज आला आणि दगा माझ्या अंगावर पडला. भिंतीवर, फोटोवर, वहिनीच्या तोंडावर, सगळीकडे रक्त.

तो मला विचारत होता, “भाऊ, मन्हा हात कोठे शे?” परत परत तेच, जीपमध्येसुद्धा. नंदुरबारच्या अलीकडे विचारायचा थांबला.

९ मे, शुक्रवार

पोलीस आले, पंचनामा झाला. अपघात लिहिला. स्टार्टरच्या वायरी त्यांनी कापून ठेवल्या. दगाचा हात सापडला नाही. मशीनखाली, कीसाच्या ढिगात, शेडमागे, सगळं पाहिलं. कुत्र्याने नेला असेल, म्हणाले. रात्री मी परत आलो तेव्हा शेड आत कोणी नसताना आतून बंद होतं. मी तसं सांगितलं नाही.

दगाच्या बायकोने आमच्या ओट्यावर येऊन बांगड्या फोडल्या. तुमचा मेलेला जेवतो आणि माझा जिवंत गेला, असं ती ओरडली. म्हणजे तिला माहीत होतं. गल्लीला माहीत होतं.

११ मे, रविवार

वायरी कापलेल्या आहेत. मशीन चालतं.

आईने आजही ताट नेलं. मी अडवलं तर म्हणाली, तुझ्या भावाने मुद्दाम केलं का ते?

हँडलवर आता दोन्ही हातांचे ठसे आहेत. उजवा ठसा रुंद आहे. अंगठा चपटा.

मी फडक्याने पुसले. पुसून दारापर्यंत आलो, मागे पाहिलं, पुन्हा होते.

वहिनीच्या दंडावर काळा-निळा डाग आहे. पदराने झाकते. मी पाहिला. रुंद अंगठ्याचा. मी तिला म्हटलं, चार दिवस माहेरी तळोद्याला जा. तिने पदर आणखी ओढून घेतला. मग फार हळू म्हणाली की पहिल्यांदा डोक्यावर हात ठेवत होते, आता धरून ठेवतात. उठू देत नाहीत.

१२ मे, सोमवार

एक म्हातारी आली. डोंगराकडची, अक्कलकुव्याच्या वरची. हातात नवी घागर, फडक्यात बांधलेली. दोधूशेठकडून पत्ता काढत बस बदलत आली. तिचं मराठी तुटकं, माझ्या लक्षात आलं ते लिहितो.

नाव कौसाबाई. तिचा मोठा मुलगा रुपा या मशीनवर होता, गुजरातेत. धाकटा सायसिंग त्याच कारखान्यात. रुपाने मशीन बंद करून कीस काढायला आत हात घातला होता. सायसिंगने बटण दाबलं. चुकून की जाणून, ते तिला माहीत नाही. सायसिंग त्या दिवसापासून कोणाला दिसलेला नाही. रुपाचा उजवा हात मिळालाच नाही. कीसाबरोबर भंगारात गेला असेल. हात नसलेलं प्रेत जाळलं म्हणून तो सुटला नाही, असं तिचं म्हणणं. दरवर्षी आखाजीला ती खापरला येऊन मशीनपाशी घागर भरायची. दोधूशेठ तिला येऊ द्यायचा, हसायचा, पण येऊ द्यायचा. ती त्याला नावाने हाक मारायची, जेवू घालायची, आणि मग म्हणायची, रुपा, जेवला, आता जा. वर्षभर मग तो गप्प असायचा. यंदा तिला ताप होता, आखाजीला येता आलं नाही.

तिने मला विचारलं, तुम्ही घातलं का जेवायला? मी मान हलवली. जा म्हणालात ना?

मी काय म्हटलं होतं ते तिला सांगितलं. तिने कपाळावर हात मारला.

भाऊ म्हणून हाक मारलीस, राहा म्हणालास. तो भावालाच शोधतोय, म्हणाली. ज्याच्या हातात बटण दिसेल तो त्याला सायसिंग.

आई आतून सगळं ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली की माझ्या हातचं भरीत जो खातो तो माझा आहे, तू जा तुझ्या गावाला.

१३ मे, मंगळवार

दुपारी कौसाबाई शेडमध्ये बसली. घागर जमिनीवर ठेवली, निखारे केले. नावाने हाक मारली. त्यांच्या भाषेत कितीतरी वेळ बोलत होती, लहान मुलाशी बोलतात तसं. रागवत होती, मध्येच हसत होती. मशीनमधला आवाज कमी कमी होत गेला. मला वाटलं, झालं.

शेवटचं, आता जा, असं ती म्हणणार तेवढ्यात आई दारातून धावत आली. “भाग्येश, जाऊ नको रे, मी शे ना” असं ओरडत. मशीनला दोन्ही हातांनी कवटाळलं. तिचा हात स्टार्टरवर पडला. वायरी नसलेल्या स्टार्टरवर.

आईचा अंबाडा. केस दांड्यावर गेले. मी पाय धरले. डोक्याची कातडी

हे मी लिहिणार नाही.

ती ओरडली ती त्याच्याच नावाने. भाग्येश, भाग्येश. मशीनने दोन-तीन वेळा तिला खांबावर आपटलं. मग सोडून दिलं. निम्मी आई जमिनीवर पडली.

कौसाबाई हाक मारत होती, रुपा, रुपा. तिच्याकडे त्याने पाहिलंही नाही. नंतर ती मला म्हणाली की आता तो मला ओळखत नाही, त्याला दुसरा हात मिळाला, दुसरं घर मिळालं. सायसिंग मिळाल्याशिवाय आता तो थांबायचा नाही. घागर तिथेच फोडून ती बसस्टँडकडे निघून गेली. मी तिला थांबवलं नाही.

१५ मे, गुरुवार

काल आईला पोचवलं. नातेवाईक आले, गेले. घरात कोणी राहायला तयार नाही. दोधूशेठ फोन उचलत नाही. हायड्रावाला म्हणाला, दुप्पट दिलंस तरी नाही.

वहिनी आता म्हणते, ते नव्हते. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, म्हणते. डोक्यावर ठेवलेला हात त्यांचा नव्हता. पण कोणाचातरी होता ना, म्हणते.

उद्या तिला तळोद्याला पाठवायचं. दादाने मला दुसरं काही सोपवलं नाही. ती जगली पाहिजे. बाकी काही नाही.

शेडमध्ये दिवसभर टेबल पुढे-मागे फिरतंय. रिकामंच.

१६ मे, शुक्रवार. सकाळ

बॅग भरली. वहिनीचा भाऊ जीप घेऊन येतोय, धडगावच्या फाट्यावर पंक्चर झाली म्हणाला. ऊन फार. वहिनी ओट्यावर बसली आहे. मी तिला म्हटलं, तिथून उठू नको. ती हो म्हणाली.

शेडला कुलूप लावलं आहे. तीनदा पाहिलं.

१६ मे. दुपार

ओट्यावर नाही —

कुलूप जमिनीवर. दादाचा फोटो घ्यायला ती — फोटो भिंतीवर राहील, त्याच्याजवळ, ते नको म्हणून —

पदर दांड्यावर गुंडाळलेला. हळू फिरतंय. मुद्दाम हळू. ती मशीनला दोन्ही हात लावून मागे जोर लावते आहे. तोंडातून आवाज नाही. दोन्ही हातांचे ठसे तिच्या गळ्यावर उमटताना दिसतात, माणूस दिसत नाही. मी कात्रीने पदर कापायला गेलो, माझ्या हातातली कात्री भिंतीवर जाऊन आदळली. माझी दोन बोटं वाकडी झाली आहेत. ती दुसऱ्या दिशेला बघतात.

मला बोलता येत नाही. जन्मात मोठ्याने बोललो नाही.

बोललो. मी सायसिंग आहे, म्हटलं. बटण मी दाबलं. जाणूनबुजून दाबलं, रुपा. आईला ते माहीत नाही. मीच.

मशीन थांबलं.

पदर सुटला.

१६ मे

वहिनी पळाली. दारातून घराच्या कडेने हायवे दिसतो. एक ट्रकवाला थांबला, क्लीनरने तिला दंडाला धरून वर घेतलं, मी पाहिलं. ती मागे वळून ओरडत होती. ट्रक गेला. सोनगडच्या दिशेने गेला, चांगलं झालं, ती दूर जाईल.

दार लागलं आहे. मी लावलेलं नाही.

डावा हात धरलेला आहे. उजवा मोकळा आहे, बोटं वाकडी, म्हणून अक्षर असं. डायरी बेंचवर होती, हात पोचला.

मध्येच पकड ढिली होते. त्याला शंका येते. बाहेर रस्त्याकडे लक्ष जातं त्याचं. मग मी पुन्हा म्हणतो, मोठ्याने, मी सायसिंग. मग इकडे वळतो. जितका वेळ म्हणेन तितका ट्रक पुढे

वाईसमध्ये हात बांधला. नीट, कामासारखा. सरळ आहे का ते बघितलं, पुन्हा घट्ट केलं. चांगला कारागीर आहे.

कटर फिरू लागला. टेबल वर येतंय. दोन्ही हातांनी हँडल फिरवतो आहे, अजिबात घाई नाही —

नखं. नखं गेली. ओरडायचं नाही, ओरडलो तर सायसिंग म्हणता येणार नाही —

मी सायसिंग. मी

ट्रक आता विसरवाडीचा फाटा ओलांडून — मनगट — मी सायसिंग, रुपा, इकडे बघ, इकडे, मी साय —